भंगाळेकाकांचा अल्राइट

सकाळी गाडी रिव्हर्स घेताना मी अजूनही एकदा उजवीकडच्या घराच्या ओट्याकडे बघते. इथे कॅरी शहरात त्या घरात एक तरुण जोडपं राहतं. दोघं बिचारे सज्जन आहेत, पण त्यांच्या ओट्यावर पार्सलची खोकी पडलेली असतात, हात आडवा धरून कोणी उभं नसतं. मग मी स्वतःशीच ‘अल्राइट’ पुटपुटते आणि निघते. नवरा म्हणतो, "गाव सुटलं, पण भंगाळेकाका काही तुला सुटत नाहीत." नाहीच सुटत. का सुटावेत?

आधी त्या गावाबद्दल सांगते, कारण गावाशिवाय काका कळायचे नाहीत. इलिनॉयमध्ये मक्याच्या शेतांच्या मधोमध ते आहे. नाव सांगून उपयोग नाही. जर्सी सिटीतल्या माझ्या मैत्रिणीला मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तिने "शिकागोजवळ का?" असं विचारलं. जवळ कसलं, डोंबल! मला तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली म्हणून आम्ही गेलो, नाहीतर त्या गावात मुद्दाम कोण जातंय?

तिथे आधी रूळ आले आणि मग गाव आलं. रस्त्यांचे नंबर रुळापासून सुरू होतात. एके काळी तिथे इंजिनं दुरुस्त व्हायची, कारखान्याचा भोंगा वाजला की अर्धं गाव जेवायला बसायचं. मग कारखाना बंद पडला, माणसं कमी झाली, दुकानांच्या काचांना आतून कागद लागले. राहिलं ते मालगाड्यांचं यार्ड. त्या मालगाड्याही अशा लांबलचक, की एक गाडी जाईपर्यंत फाटकापाशी थांबलेल्या माणसाचं अर्धं वर्तमानपत्र वाचून व्हावं. म्हणून त्या गावात उशीर झाल्याबद्दल कोणी माफी मागत नाही. माणूस आत येतो, "ट्रेन" म्हणतो आणि खुर्चीत बसतो. डेंटिस्टही तेच म्हणतो आणि चर्चमधले पाद्रीबुवाही तेच म्हणतात. फाटकापाशी कोणी हॉर्न वाजवत नाही. पहिला महिनाभर मी गाडीत बसून चरफडत होते, पुढे मी पण पुस्तक ठेवायला लागले.

आमच्या शेजारी वैशाली राहायची. ती आमच्याच हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. आई गेल्यावर वडील भुसावळला एकटे पडले, म्हणून तिने त्यांचं ग्रीन कार्ड करून त्यांना इकडे आणलं. रामदास भंगाळे. उभं आयुष्य मालगाडीचे गार्ड. किडकिडीत बांधा, दाढी रोज घोटलेली, शर्टाच्या खिशात डायरी आणि पेन, आणि हातात किल्लीचं घड्याळ, जे ते रोज सकाळी आठला किल्ली देऊन माझ्या मायक्रोवेव्हच्या घड्याळाशी ताडून बघत. दोन्हींत फरक पडला तर चूक मायक्रोवेव्हची असे.

त्यांची माझी ओळख त्यांच्या इथल्या पहिल्याच दुपारी झाली. मला सुट्टी होती. कोणीतरी दार असं धडाधडा वाजवलं की मला वाटलं आग लागली. दार उघडलं तर पायात मोजे आणि अंगात मफलर-स्वेटर अशा अवतारात एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत उभे!

"बाई, फोन लाव! गाडी तुटली!"

मी आधी आमच्या गाडीकडे बघितलं. ती जागेवर धडधाकट उभी होती.

"ती नाही गं! मालगाडी! पुढचा भाग गेला निघून, मागचा राहिला मागे. ह्या डोळ्यांनी पाहिलं मी. शेवटच्या डब्याला पाटी नाही, गार्डाचा डबा नाही, गार्ड नाही! मागून दुसरी गाडी येऊन धडकंल ना!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो आणि शेवटच्या डब्यावर तशी पाटी असते. ती दिसली नाही, तर गाडीचा मागचा भाग सुटून वाटेत राहिला असं समजायचं. काका आयुष्यभर तेच समजत आले होते. मी त्यांना आत बसवलं आणि सांगितलं, की काका, इथे गार्ड नसतोच. शेवटच्या डब्याला एक लहानशी पेटी लावतात, तिच्यावर दिवा लुकलुकतो, बास.

"गार्डच नाही?"

"नाही."

"मग मागे कोण बघतं?"

"कंप्युटर."

काका पाणी प्यायले आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "चाक तापलं की आधी वास येतो, बाई. कंप्युटरला वास येतो का?"

मी चहा टाकला.

त्या गावात मी तोवर चार वर्षं काढली होती आणि मला घर, हॉस्पिटल आणि किराणा एवढेच रस्ते माहीत होते. काकांनी आठ दिवसांत गाव वाचून काढलं. एकदा आम्ही तिघं फिरायला निघालो होतो. चौकात काका थांबले, बोट ओलं करून वर धरलं, वारा बघितला आणि म्हणाले, "जुन्या साहेबांचे बंगले पश्चिमेला असतील."

वैशाली म्हणाली, "हो, मोठी जुनी घरं तिकडेच आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं, बाबा?"

"सांगायचं काय त्यात? वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे इंजिनांचा धूर जाणार पूर्वेला. साहेब कशाला धूर खाईल? धूर खायला कारखान्यातले खलाशी आहेत, कोळसा टाकणारे फायरमन आहेत, रुळावरचे गँगवाले आहेत. ते पूर्वेला." आणि खरंच, पूर्वेला सगळी एका साच्यातली चिमुकली घरं होती. काका खूश होऊन म्हणाले, "हे भुसावळच आहे गं. फक्त केळी नाहीत." किराण्याच्या दुकानातली केळी बघून तर ते दर वेळी नाक मुरडायचे. "हे केळं म्हणायचं?"

आता अल्राइट. हा काकांचा शब्द, आणि काकांना ओळखायचं तर तो समजून घ्यायलाच हवा. गाडी स्टेशनातून न थांबता जाते, तेव्हा स्टेशनातला माणूस हिरवी झेंडी आडवी धरून उभा राहतो आणि प्रत्येक डबा नजरेखालून घालतो. कुठे धूर निघतोय का, साखळी लोंबतेय का, दार उघडं राहिलंय का. सगळं ठीक असेल तर झेंडी तशीच स्थिर. म्हणजे तुझी गाडी मी पाहिली, निर्धास्त जा. आणि मागच्या डब्यातून गार्ड आपली झेंडी दाखवून उलट उत्तर देतो. हा अल्राइट.

"दोघांनी द्यायचा असतो बरं का," काका बजावून सांगायचे. "एकट्याचा अल्राइट नसतो."

हा नियम त्यांनी आमच्या गल्लीला लावला. सकाळी वैशालीची गाडी निघाली की काका ओट्यावर हात आडवा धरून उभे. तिने खिडकीतून हात दाखवायचाच. विसरली तर पुढच्या वळणापर्यंत फोन: "अल्राइट दिला नाहीस." मग माझी गाडी. सुरुवातीला मला हसू यायचं, खरं सांगते. पण एका हिवाळ्यात काकांचा आडवा हात एकदम वर गेला आणि ते ओरडत बर्फातून धावत आले. मागचं उजवं चाक जवळजवळ बसलं होतं आणि मी हायवेला लागणार होते. त्या दिवसापासून मीही हात दाखवल्याशिवाय कधी निघाले नाही.

वैशालीच्या मागच्या अंगणाला कुंपण होतं. पलीकडे एक अरुंद रस्ता आणि त्याच्या पलीकडे रूळ. दुपारी दोनच्या सुमाराला यार्डातून एक मोठी मालगाडी सुटायची. काका पावणेदोनला तयार. कुंपणाच्या आत, हात आडवा, नजर चाकांवर. गाडी गेली की डायरीत नोंद: वेळ, इंजिनांचे नंबर, डबे किती, आणि शेवटी ‘अल्राइट’. उलट उत्तर द्यायला मागे कोणी नसायचंच. एखादा ड्रायव्हर पुढून हात हलवायचा. त्या दिवशी रात्री काका एक पोळी जास्त खायचे, असं वैशाली सांगायची. ती म्हणायची, "बाबा इथे कशाच्या जोरावर राहिलेत, तर त्या दोनच्या गाडीच्या."

आणि मग मी शहाणपणा केला.

काकांचा वाढदिवस होता. त्यांच्या बोलण्यात आलं होतं, की रिटायर झालो त्या दिवशी दोन्ही झेंड्या जमा कराव्या लागल्या. मी एका हिरव्या ब्लाउजपीसची झेंडी शिवली आणि पडद्याच्या जुन्या दांडीला लावून त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कापड बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "टिपा बारीक घातल्यास." एवढंच. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी स्वतःवर भलतीच खूश होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होते. यार्डातून गाडी सुटली, हळूहळू वेग घेत होती. काका झेंडी घेऊन उभे. नुसती आडवी धरून ठेवायची होती, रोजच्या हातासारखी. पण इतक्या वर्षांनी हातात झेंडी आली, समोर सुटणारी गाडी, काकांना राहवलं नाही. त्यांनी भुसावळच्या यार्डात द्यायचे तसा थेट ‘गाडी सोडली’चा इशारा दिला. हात पूर्ण लांब करून झेंडी या बाजूने त्या बाजूला, जोरजोरात.

गाडीने ब्रेक लावले. आधी एक लांब किंकाळी, मग डब्यांवर डबे आदळल्याचा खडखडाट यार्डापर्यंत मागे मागे जात राहिला. गाडी थांबली. मी पाण्याचा पाइप हातात धरून तशीच उभी राहिले आणि टोमॅटो बुडाले.

काका म्हणाले, "पुढे सिग्नल मिळाला नसंल." आणि बिचाऱ्या ड्रायव्हरला धीर यावा म्हणून त्यांनी झेंडी आणखी जोरात हलवली.

ती गाडी सव्वा तास उभी राहिली. नियमाप्रमाणे त्यांना ती पुढून मागपर्यंत तपासावी लागली. गावातली सगळी फाटकं बंद. पोलिसांची गाडी आली, रेल्वेचे पोलीस वेगळे आले. वैशाली हॉस्पिटलमधून निघाली तर ती फाटकाच्या पलीकडे अडकलेली, तिथून मला फोनवर फोन. ती पोहोचली तेव्हा काका अंगणात सावधान उभे होते आणि रेल्वेचा अधिकारी त्यांना तिसऱ्यांदा विचारत होता, की तुम्ही गाडी का थांबवलीत.

"नो सर. आय गेव्ह राइट, सर. आय टोल्ड हिम, गो."

"तुम्ही त्याला थांबायची खूण केलीत. ड्रायव्हरने स्वतः पाहिलंय."

"नो सर! गो!"

अधिकारी वैशालीकडे वळून शांतपणे म्हणाला, की चालत्या गाडीला खोटी खूण करणं हा इथे गुन्हा आहे, साधा नाही. वैशालीचा चेहरा पांढराफटक पडला. काकांचं ग्रीन कार्ड होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. केस झाली तर कार्ड जाणार, बाप परत एकटा पडणार, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. "बाबा, काय करून बसलात हो!" ती म्हणाली आणि काका पहिल्यांदाच घाबरले. मला रडूच फुटायच्या बेतात होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "झेंडी मी शिवलीय." अधिकाऱ्याने माझंही नाव लिहून घेतलं. झालं!

तेवढ्यात कुंपणाचं फाटक करकरलं आणि काठी टेकत अर्ल आत आला. अर्ल आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारा म्हातारा, ऐंशीच्या पुढचा. तोही आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला माणूस, ते डबे काढून टाकले तेव्हा घरी बसलेला. काकांशी तोवर त्याचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

"ह्या माणसाला मी महिनोन्‌महिने माझ्या खिडकीतून बघतोय," तो अधिकाऱ्याला म्हणाला. "तो प्रत्येक चाक बघतो. तुमचे पगारी लोक बघत नाहीत तेवढं. त्याला म्हणा, काय केलं ते पुन्हा करून दाखव."

काकांनी झेंडी घेतली आणि या बाजूने त्या बाजूला हलवली.

"तुमच्या देशात ह्याचा अर्थ काय?"

"स्टार्ट, सर. गार्ड गिव्हिंग स्टार्ट."

अर्ल हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता कुंपणाला धरून उभा राहिला. "अरे बाबांनो, आपल्याकडे ह्याचा अर्थ थांब! मी हेच करून आयुष्यभर गाड्या थांबवल्यात. ‘जा’ म्हणायचं तर असं." आणि त्याने काठी वर-खाली, वर-खाली केली.

काका आ वासून बघत राहिले. "आमच्यात ह्याचा अर्थ, जपून जा," ते मला मराठीत म्हणाले. मग हळूच: "म्हणजे मी त्याला जा जा म्हणत होतो आणि तो... अरे देवा!"

अधिकाऱ्याने तोंडावर हात ठेवला, पण त्याचे खांदे हलत होते. तो आपल्या गाडीपाशी जाऊन फोनवर बोलला, खूप वेळ बोलला. वैशालीने माझा हात इतका आवळून धरला होता की अंगठी रुतली. तो परत आला आणि म्हणाला, की गैरसमज झाल्याची नोंद करतो, ताकीद देतो, केस करत नाही. रुळाच्या बाजूला पुन्हा काहीही हलवायचं नाही. पुढच्या अंगणात काय हवं ते हलवा.

वैशाली पायरीवर मटकन बसली. आधी रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. मला तर एकदम भूक लागल्याचं कळलं, दुपारी जेवलेच नव्हते. मी सगळ्यांना चहा केला. अधिकारी म्हणाला, साखर फार आहे, आणि त्याने दुसरा कप मागितला.

पण दुसऱ्या दिवशी पावणेदोनला कुंपणापाशी कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. काका पडदा ओढून खुर्चीत बसून होते. वैशालीने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, की नुसतं उभं राहायला कोणाची ना नाही. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्यामुळे गाडी कधी मिनिटभर थांबली नाही, बाई. आणि सव्वा तास?" डायरी त्यांनी कपाटात ठेवून दिली होती. केस टळली होती, पण माणूस हातचा जातो की काय अशी वैशालीला धास्ती वाटायला लागली. ती मला लॅबमध्ये येऊन म्हणाली, "ते तिकिटाचं विचारत होते. परत जायच्या."

चौथ्या दिवशी अर्ल आला. काखेत दोन घडीच्या खुर्च्या. त्याने त्या कुंपणाशी मांडल्या, एकीत बसला आणि हाक मारली, "रॅमडास!" पुन्हा "रॅमडास!" मग दार उघडलं. काका स्वेटर घालून बाहेर आले, दुसऱ्या खुर्चीत बसले. दोघांचे हात मांडीवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. दोनची गाडी आली. दोघं एकेक चाक बघत होते. शेवटचा डबा गेला, ती पेटी लुकलुकत गेली, तेव्हा अर्लने काकांकडे वळून हाताचा तळवा दाखवला. काकांनी आपला दाखवला.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले, डायरी खिशात. "अल्राइट दोघांनी द्यायचा असतो ना," ते म्हणाले. "आता मिळतो." मला इतकं बरं वाटलं की मी भलत्या वेळी शिरा केला.

गावाने तो प्रकार काही सोडला नाही. पुढच्याच आठवड्यात आमच्या लॅबची मॅनेजर उशिरा आली, खुर्चीत बसली आणि "ट्रेन" म्हणण्याऐवजी म्हणाली, "रॅमडास." सगळे हसले. बघता बघता डेंटिस्टकडे तेच, नाश्त्याच्या हॉटेलात तेच. काकांना कळलं तेव्हा मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "भुसावळात सबंध नोकरी काढली, पण माझ्या नावाने कोणी उशिरा आलं नव्हतं." आणि मिशीत हसले, म्हणजे मिशी नव्हती, पण तसे हसले.

दोन वर्षांनी नवऱ्याला कॅरीत नोकरी मिळाली आणि आम्ही निघालो. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता. सकाळी मी गाडी सुरू केली. वैशाली रडत होती, मी रडत होते. ओट्यावर अर्ल आणि काका. काकांनी हात आडवा धरला नाही. ते घरात गेले आणि माझी हिरवी झेंडी घेऊन बाहेर आले. पुढच्या अंगणात, कायद्यात बसेल असे उभे राहिले, गाडीला एक चक्कर मारून चारी चाकं बघितली, आणि हात पूर्ण लांब करून झेंडी हलवली, या बाजूने त्या बाजूला.

मी ब्रेक दाबला. त्या गावात सहा-सात वर्षं काढली होती मी, माझा पाय गावासारखाच वागला. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काका थांब म्हणतायत." आणि हे म्हणताना मला इतकं भरून आलं, की मी सीटबेल्ट सोडायलाच घेतला.

तर काका झेंडी घेऊन रागारागाने धावत आले आणि काच ठोठावली.

"अगं, थांबतेस काय? सोडली ना तुला मी! जा!"

मागे अर्ल खोकेपर्यंत हसत होता. काका परत अंगणात गेले आणि आता झेंडी आडवी धरून स्थिर उभे राहिले. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि गल्लीच्या टोकापर्यंत तसाच बाहेर ठेवला.